खांदा आणि जू

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. बैल ओढ्यावर धुऊन आणायचे, वशिंडाच्या पुढं मानेच्या ज्या जागेवर वर्षभर जू बसलं तिथं हळद आणि तूप नाहीतर लोणी चोळायचं, आणि मग त्यांना सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मराठीत बैलाला अहो-जाहो होतं ते वर्षातून एवढ्या एका वेळेला. एरवी त्याच्या वाट्याला अरे-तुरे आणि आसूड.

झूल, बाशिंगं, शिंगांचे रंग यांवर पुष्कळ लिहून झालंय. मला या सगळ्या सोहळ्यात खरा कामाचा वाटतो तो चोळणारा हात. तुपाच्या निमित्तानं तो हात वर्षातून एकदा तरी नीट तपासणी करतो. केस झडलेला, चामडं जाड झालेला घट्टा लागला तर चिंता नाही, ते कामाचं चामडं. पण बोटाखाली गरम लागलं, मऊ फुगवटा लागला, दाबल्यावर बैलानं मान आखडून घेतली किंवा कातडी थरथरवली, तर ती खांदेसूज. मग उद्या पुरणपोळी आहे की नाही याला फारसा अर्थ उरत नाही.

खांदा एकाच कारणानं सुजतो असं क्वचित होतं. जोडी उंचीनं जुळलेली नसली की जू तिरकं बसतं आणि एका बैलाच्या मानेत त्याची कड रुतते. जुवाची खालची बाजू घासून गुळगुळीत केलेली नसते, लाकडाला गाठ असते, एखादा खिळा वर आलेला असतो. पावसात कातडं भिजून नरम पडतं, त्यात चिखलाची कच अडकते, वर जू घासतं. दोन महिने दावणीला बसलेल्या बैलाला एकदम भरल्या गाडीला जुंपलं, किंवा नव्या गोऱ्ह्याची मान हलक्या कामावर तयार करून न घेता त्याला थेट नांगराला धरलं, तरी तेच होतं. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गाडीच्या तोलाकडं. दोन चाकांची गाडी म्हणजे आखावर ठेवलेला तराजू. माल पुढं जास्त पडला की गाडी धुरजड होते आणि सगळं वजन दोन मानांवर उतरतं. मागं जास्त पडला की ती उलार होते, जू वर उचललं जातं आणि गळ्याखालचं जोतं, म्हणजे जुवाचा पट्टा, घशाला आवळतं. जाणता माणूस गाडी भरल्यावर बैल जुंपण्याआधी धुरा, म्हणजे गाडीची पुढची दांडी, हातानं उचलून बघतो. एकट्याला दोन हातांनी उचलता येईल इतपतच वजन पुढं असावं, त्याहून जास्त नको, आणि अगदीच नाही असंही नको. चढाला हीच गाडी उलार होते, उताराला धुरजड. म्हणून चढावर गाडीवान पुढं सरकून बसतो आणि उताराला खाली उतरून चालतो. हे करणाऱ्याला कुणी प्राण्यांचा कैवारी म्हणत नाही.

उपाय अवघड नाही. सूज ताजी असेल तर एक-दोन दिवस गार पाण्याच्या पट्ट्या, नंतर शेक, मॅग्नेशियम सल्फेट आणि ग्लिसरीनचा लेप. पू धरला असेल तर गळू पिकल्यावर पशुवैद्याकडून फोडून घ्यायचं, घरच्या ब्लेडनं नाही. पण या सगळ्याच्या आधीची अट एकच, जू उतरलं पाहिजे. दोन-तीन आठवडे बैल दावणीला राहिला नाही तर लेप आणि पैसे दोन्ही वाया. इथं गाडं अडतं. खांदा सुजतो तो कामाच्या ऐन दिवसांत, आणि पेरणीचा वापसा, म्हणजे जमिनीतली पेरणीजोगी ओल, तीन आठवडे थांबत नाही. माणसाच्या गरजेची आणि बैलाच्या दुखण्याची टक्कर होते ती अशी, पावसाचं गणित मांडून बसलेल्या एखाद्या घरात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ती फार सोपी करून सांगतात.

त्या वर्गात या विषयाची सुरुवात बहुधा इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमपासून होते. १७८९ मध्ये छापलेल्या एका तळटीपेत त्यानं म्हटलं की प्राण्यांना तर्क करता येतो का, बोलता येतं का, हा प्रश्नच नव्हे. त्यांना यातना होतात का, एवढं विचारा. वाक्य आजही टिकून आहे. पण बैलाजवळ उभं राहिलं की त्या वाक्याची एक अडचण कळते. बैल यातना दाखवत नाही. कळपातलं, शिकार होणारं जनावर दुखणं लपवतं. लंगडणारा वाघाच्या तोंडी जातो, हे त्याच्या रक्तात आहे. तो कुत्र्यासारखा केकाटत नाही. त्याची साक्ष काढावी लागते. निरोगी बैल दिवसाकाठी सात-आठ तास रवंथ करतो. ते थांबलं, नाकपुडीवरचा ओलावा सुकला, कान पडले, वैरण पुढ्यात असून तो गव्हाणीपासून मान वळवून उभा राहिला, तर काहीतरी बिघडलंय. ज्याला हे वाचता येत नाही तो मनापासून म्हणतो, "बैलाला काही होत नाही." अशा माणसांत खोटारडे थोडे, न वाचणारे पुष्कळ.

माणूस आणि जनावर यांच्यातला नैतिक फरक कशात, यावर बुद्धी, भाषा, आत्मा अशी उत्तरं येतात. मला त्यातला एकच फरक पक्का वाटतो : बैलाला दोष देता येत नाही. मारका बैल शिंगावर घेतो, माणूस दगावतो, तरी बैल गुन्हेगार नसतो. युरोपात एके काळी हे मान्य नव्हतं. १३८६ मध्ये फ्रान्समधल्या फालेझ गावात एका डुकरिणीला, तिनं मूल मारलं म्हणून, रीतसर खटला चालवून फाशी दिली. आज ते वाचून हसू येतं. मात्र मारक्या बैलाला "मस्ती आलीय" म्हणून बडवणाऱ्याला आपण हसत नाही, आणि दोन्हींमागचा समज एकच आहे. बैल जबाबदार नाही हे एकदा मान्य केलं की त्या जोडीतली सगळी जबाबदारी एकट्या माणसाच्या अंगावर येते. हा फरक माणसाला मोकळीक देणारा म्हणून सांगितला जातो. माझ्या हिशेबानं तो त्याच्यावरचं ओझं वाढवणारा आहे.

"ज्याला कर्तव्य नाही त्याला हक्क कसला?" हा वाद पारावर आणि कोर्टात सारख्याच जोरानं होतो. त्यावर तान्ह्या मुलाचं उदाहरण देतात. आपल्याकडं त्याहून ठसठशीत उदाहरण आहे. भारतीय कायद्यात देवळातली मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावते, आणि कायदा तिला कायमची अज्ञान, म्हणजे सज्ञान न झालेली, समजून तिच्या वतीनं माणूस उभा करतो. दगडाच्या मूर्तीला न बोलता हक्क मिळू शकतात तर बैलाच्या मुकेपणाची सबब टिकत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये घोडागाड्यांच्या एका प्रकरणातून सुरुवात करून साऱ्या प्राण्यांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं आणि राज्यातल्या नागरिकांना त्यांचे पालक केलं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं पुढच्या वर्षी तसंच म्हटलं. ऐकायला छान आहे. पण मूर्तीच्या जमिनीवर डोळा ठेवणारा विश्वस्त कोर्टात हटवता येतो. बैलाचा पालक आणि मालक एकच माणूस असतो, आणि पेरणी त्याचीच खोळंबलेली असते.

म्हणून 'हक्क' या शब्दावर भांडण्यापेक्षा मला १९६५ ची एक नियमावली जास्त उपयोगाची वाटते. राज्यसभेतल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरल्यामुळं १९६० मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि त्याखाली गाडीच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी नियम आले. त्यात भावना औषधालाही नाही, आकडे आहेत. २०० किलोपर्यंतचा बैल लहान, २०० ते ३५० किलोचा मध्यम, त्याच्यावरचा मोठा. पाठीवर ओझं लादायचं तर लहान बैलाला १०० किलो, मध्यमाला १५०, मोठ्याला १७५; गाढवाला ५०. गाडीचं वजन चाकाच्या प्रकाराप्रमाणं, आणि लांब व खड्या चढावर ते निम्मं. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन गाडी जुंपायची नाही. टोकदार काठी वापरायची नाही. म्हणजे बैल हाकायच्या ज्या पराणीला आर, लोखंडी टोक, बसवलेली असते ती पराणी साठ वर्षांपूर्वीच बेकायदा झाली. शेतकऱ्याला यातलं निम्मं शहाणपण सरकारनं शिकवलेलं नाही. पहाटे औत धरायचं आणि ऊन तापायच्या आत सोडायचं, हा शिरस्ता कुठल्याही नियमाआधीचा.

जास्त ओझं लादून जनावराला छळलं तर शिक्षा? त्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड. १९६० मध्ये ती रक्कम लागत असेल. आज पन्नास रुपयांत सरकी पेंड किलो-दीड किलो येते.

याच कायद्यानं काही गोष्टी क्रूरतेच्या व्याख्येतून बाहेर ठेवल्या : शिंगं काढणं, डाग देणं, वेसण घालणं, खच्ची करणं, सगळं 'विहित पद्धतीनं' केलं तर. ही यादी वाचली की कळतं, सूट कुणाच्या सोयीनं दिलीय. वेसणच घ्या. गोऱ्हा दीड-दोन वर्षांचा झाला की दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला दाभणानं भोक पाडतात. कूर्चेच्या पुढं एक मऊ, पातळ जागा असते, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती सापडते. तिथं पाडलं तर आठ-दहा दिवसांत भरून येतं. मागं कूर्चेत घुसलं तर जखम चिघळत राहते. फार पुढं, काठाजवळ पडलं तर पहिल्याच जोरदार हिसक्याला नाक फाटतं. पावसाळ्यात माशा बसून किडे पडतात, म्हणून जाणते थंडीत वेसण घालतात. सुताची वेसण बदलावी लागते पण कापत नाही, नायलॉनची टिकते आणि करवतीसारखी चालते. बाजारात आता नायलॉनच जास्त दिसते, कारण स्वस्त.

खच्चीकरणाचं तसंच. बडवणं म्हणजे वृषण दगडा-लाकडानं ठेचणं. ते आता बरंच मागं पडलं आणि बर्डिझोचा चिमटा आला. तो चामडं न फाडता आतली नस दाबून तोडतो. एका वेळी एकाच बाजूची नस धरायची, दोन्ही बाजूंचे चट्टे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर मधलं चामडं सडतं. नस चिमट्यातून निसटली तर बैल अर्धवट राहतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पुढच्या चार-सहा आठवड्यांत वृषण सुकतो. रक्त दिसत नाही, म्हणून दुखत नाही असा समज पसरलाय. जागा बधिर करणारं इंजेक्शन पशुवैद्याच्या पेटीत असतं, देता येतं, फार महागही नाही. ते बहुतेकदा दिलं जात नाही, कारण कुणी मागत नाही. बैलाला हक्क आहेत की नाहीत या वादाचा निकाल लागेपर्यंत त्या इंजेक्शननं थांबायचं कशाला, हे मला कधी समजलेलं नाही.

गेल्या पंधरा वर्षांत बैलावरून महाराष्ट्रात जो गदारोळ झाला तो याबद्दल नव्हताच, तो शर्यतींबद्दल होता. २०११ मध्ये केंद्रानं बैलाला प्रदर्शन-खेळात वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना, भीती यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वागण्याची मुभा ही पाच स्वातंत्र्यं त्या निकालात आली, आणि प्राण्याच्या जगण्याला प्रतिष्ठा आहे अशी भाषाही. २०१७ मध्ये राज्यानं कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती कायम ठेवली. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं आपल्या घटनेत म्हटलेलं नाही, ते द्यायचे की नाही हे विधिमंडळानं ठरवावं, असा त्या निकालाचा रोख. राज्याच्या नियमांत धाव हजार मीटरच्या आत, चाबूक-काठी-टोचणी-विजेचा झटका सगळं बंद, आणि मोडलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

पन्नास रुपये आणि पाच लाख. पुणे जिल्ह्यातल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलगाडा काही सेकंदांत निशाणापार जातो. त्या बैलाला दूध-अंडी मिळतात, मालिश होते, त्याचा खांदा कुणी सुजू देत नाही. त्याला भीती वाटत नाही, मार बसत नाही असं मी म्हणणार नाही. बंदी आली ती उगाच नव्हती. पण न्यायालयात दशकभर भांडण झालं ते त्याच्या काही सेकंदांचं. ऊसतोडीचा बैल ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत टायरगाडीला असतो, त्याच्यासाठी कुणी याचिकेवर याचिका लावलेली नाही.

कारखान्याच्या रस्त्यावर ती गाडी तुम्ही पाहिली असेल. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, लोंबताहेत, मोळ्या डोक्याच्या वर रचलेल्या, दोन टनांच्या पुढचा माल, आणि पुढं दोन बैल. रबरी चाकं आल्यापासून सपाट डांबरी रस्त्यावर ओढ हलकी झाली, आणि जेवढी हलकी झाली तेवढा माल वाढला. फडातून रस्त्याला लागताना चाक रुततं. तिथं शेपटी पिरगाळतात, गुडघे टेकतात, खूर घसरतो. खुराच्या पत्र्या झिजलेल्या असल्या की डांबरावर जास्तच. एका बैलाला आठ पत्र्या, दर खुराला दोन, आणि हंगामात त्या पुन्हा माराव्या लागतात. गाडीवानाला दोष देणं सोपं आहे. त्यानं मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, पैसे टनावर मिळतात, खेपा कमी केल्या तर उचल फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागतं. नियम त्याला पकडतो. टनाचा दर ठरवणारा, आणि काट्यावर ती गाडी वजन करून घेणारा, दोघंही नियमाच्या बाहेर. खरं तर वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचा आकडा छापील पावतीवर येतो, बैलाच्या ओझ्याचा याहून पक्का पुरावा कुठं मिळणार? तो पुरावा फक्त ऊसाच्या बिलासाठी वापरतात.

२०२२ मध्ये इस्लामपूरच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी जुवाखाली, दोन बैलांच्या मध्ये, एक तिसरं चाक लावून दाखवलं. धुरजड गाडीचं मानेवर येणारं वजन ते चाक जमिनीवर घेतं, उंची रस्त्याप्रमाणं कमी-जास्त करता येते. साधी गोष्ट आहे. आखाचा तोल कळणाऱ्या कुणालाही सुचावी अशी, आणि एवढी वर्षं ती मला कुठं दिसली नव्हती.

राहिला म्हातारा बैल. गोऱ्हा तीन-चार वर्षांचा झाला की कामाला येतो, अकरा-बाराव्या वर्षी थकतो, आणि नीट सांभाळला तर अठरा-वीस वर्षं जगतो. चारशे किलोच्या बैलाला रोज आठ-नऊ किलो कडबा आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. म्हणजे वर्षाला तीन टन वैरण, आणि सात वर्षांची वीस टनांच्या वर. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्यानंच होती, मार्च २०१५ पासून तीत बैल आणि वळूही आले. उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये ती बंदी उचलून धरली. बैलाला जगण्याचा हक्क मिळाला असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. पण त्या वीस टनांचा धनी कोण, हे कायद्यानं लिहिलं नाही. पूर्वी कापायला विकलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या पैशाची नव्या गोऱ्ह्याच्या किमतीत भर पडायची, ते थांबलं. जनावर उपाशी ठेवणं किंवा कारण नसताना सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानं गुन्हा आहे, दंड वर सांगितला तोच. म्हणून रात्री कुणीतरी दावं सोडतं आणि सकाळी बैल दुसऱ्याच्या तुरीत असतो. कापायला देणारा निर्दय आणि सोडून देणारा दयाळू, अशी वाटणी मला करता येत नाही. सोडलेल्या बैलाचं मरण फक्त लांबतं, आणि ते रस्त्यावर येतं.

बैलबाजारात व्यापारी आधी ओठ उचलून दात बघतो : दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग चालवून बघतो, खूर बघतो, आणि मग हात मानेवर जातो. अगदी खांदेमळणीला जातो तसाच, वशिंडाच्या पुढं, अंगठ्यानं दाबत. फुगवटा लागला तर तो काही बोलत नाही. दलालाचा हात रुमालाखाली धरतो, तिथं भाव बोटांनीच ठरतो, आणि दोन बोटं कमी दाबतो. बैल दोन बोटांनी उतरतो आणि ज्याला तेवढाच परवडतो त्याच्या दावणीला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच जागेवर जू पडतं.